कोरड्या हौदातला रियाज

आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. आणि एक सांगून ठेवतो, ह्या गोष्टीत एक माणूस मरतो. तुम्ही म्हणाल, मग हसायला कोण बसलंय? बसाल हो! सगळी गल्ली हसली, तुमचं काय घेऊन बसलात! जिंदगीत मी पुष्कळदा माती खाल्ली, पण लातुरात खाल्ली ती अजून दाताखाली करकरते.

लातूर तेव्हा नवीनच जिल्हा झालेलं. नवा जिल्हा म्हणजे नवी हापिसं, आणि नवी हापिसं म्हणजे जुन्या जिल्ह्यांतून उचलून आणलेले आमच्यासारखे कारकून. मी नांदेडचा. सुखात होतो. बदलीचा कागद आला आणि बायको, ट्रंका, गाद्या अन् एक लाल इलेक्ट्रिक गिटार घेऊन मी लातूरच्या एसटीत चढलो.

गिटार कशाला? अहो, शौक! नांदेडला आमच्या एका दोस्ताचा ऑर्केस्ट्रा होता. त्याचा गिटारवाला नोकरी लागून हैद्राबादला गेला आणि गिटार माझ्या गळ्यात आली. दोस्त म्हणाला, "हात बसव. गणपतीत तुला स्टेजवर उभं करतो." मी, आणि स्टेजवर! लाल गिटार घेऊन! मला रात्री झोप येईना.

लातुरात आम्ही वीरभद्रअप्पांच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. अप्पा म्हणजे घरमालक. लिंगायत माणूस, गंजगोलाईच्या बाजारात किराणा मालाचं दुकान, हयातभर गळ्यातलं लिंग आणि गल्ल्याची किल्ली दोन्ही छातीशी धरून जगलेले. पण आम्ही गेलो तेव्हा अंथरुणाला खिळले होते. दुकान मुलगा शिवलिंग बघायचा, अप्पांचं सगळं सून महानंदा करायची. डॉक्टरनं हात टेकले होते. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की हे आता थोड्या दिवसांचे सोबती. अप्पांनाही ठाऊक होतं.

आणि बाहेर दुष्काळ. साधासुधा नव्हे. सलग पाऊस नाही, विहिरींचे तळ दिसायलेले, बोअर घेतला तर वर नुसता फुफाटा. नळाला पाणी कधी पंधरवड्यानं, कधी तेही नाही. टँकर यायचा तेव्हा गल्लीत मारामाऱ्या. सख्ख्या जावा घागरींनी एकमेकींचं डोकं फोडायच्या. खोटं वाटतं? आमच्या शेजारीच फुटलं.

अशात अप्पांची एकच मागणी. खाणं नाही, पिणं नाही, औषध नाही. "सूनबाई, मला एकदा डोक्यावरून आंघोळ घाल. नुसतं पुसून पुसून माझं मढं करून ठेवलंव तुम्ही." महानंदावहिनी बिचारी रोज एखाद-दोन तांबे वाचवून एका पिंपात साठवायची. पिंप निम्मं झालं की शिवलिंग म्हणायचा, "अगं, प्यायला न्हाई अन् आंघोळी काय घालायलीस?" आणि ते पाणी स्वयंपाकाला जायचं. अप्पा भिंतीकडं तोंड करून पडायचे. मला ते बघवत नव्हतं, खरं सांगतो.

आता माझं. पहिल्याच संध्याकाळी मी खोलीत अॅम्प्लिफायर लावला आणि एक तार छेडली. च्यांऽऽव! शेजारचं कुत्रं ओरडत पळालं. आणि मधल्या भिंतीआडून अप्पांचा आवाज आला, "शिवल्या, कोण मेलं रे?"

बायको म्हणाली, "शोभतं का हो? पलीकडं माणूस शेवटच्या घटका मोजून राहिला अन् तुम्ही इथं मांजर पिळून राहिले!"

मी वैतागलो. पण मी काही राक्षस नाही. आजारी माणसाला त्रास द्यायचा नाही हे मलाही कळतं. पण गणपती जवळ येऊन राहिले होते! दारं-खिडक्या लावल्या, फटींत गोधड्या कोंबल्या. उपयोग शून्य, वर उकाड्यानं जीव चाललेला. हापिसात वाजवावं तर साहेब. माळावर जावं तर वीज कुठं?

मग एक दिवस अंगणात दात घासता घासता माझं लक्ष हौदाच्या लोखंडी झाकणाकडं गेलं. अप्पांनी चांगल्या दिवसांत बांधलेला जमिनीखालचा हौद. उभा माणूस आत मावेल एवढा खोल. कोरडा ठाक, तळाशी नुसती माती अन् पाली. घराला वेगळी तोटी नव्हतीच. नळाचा पाइप सरळ ह्या हौदात उघडायचा, पाणी आलं की हौद भरायचा आणि मग बादलीनं शेंदायचं. आता पाणीच नाही तर हौदाचं काय लोणचं घालायचं?

मी शिवलिंगला विचारलं. तो म्हणाला, "हौदात बसा न्हाई तर हौदात झोपा भाऊ, अप्पांच्या कानाला त्रास नको म्हंजे झालं."

काय सांगू तुम्हाला, स्वर्ग! संध्याकाळी हापिसातून आलो की शिडी लावायची, वायर सोडायची, खाली उतरायचं आणि झाकण वरून ओढून घ्यायचं. बोटभर फट ठेवायची, श्वासापुरती. बायकोला अंगणात उभं केलं आणि खालून सगळा जोर लावून वाजवलं. वर येऊन विचारलं, "आलं का ऐकू?"

"काहीच न्हाई."

"बिलकुल?"

"बिलकुल. आता रोज तिथंच राहत जा."

एकच अडचण होती. हौदाच्या भिंतींवरून आवाज उलटा येऊन माझ्याच कानठळ्या बसायच्या. म्हणून मी डोकं चालवलं. स्पीकरचा डबा दोन विटांवर ठेवला आणि त्याचं तोंड कोपऱ्यातल्या पाइपाच्या तोंडाला भिडवलं. कसा आवाज गपगार झाला! मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटली.

तुम्ही हसायला लागलात. थांबा. पुढं ऐका.

लातुरातल्या नळाची एक रीत होती. पाणी यायच्या आधी नळ बोलायचा. रिकाम्या पाइपातली हवा पुढं ढकलली जायची, आधी घुर्र, मग फस्स, मग खाकरून खाकरून तांबडं पाणी. तो घुर्र ऐकायला बायकांचे कान इतके तयार झाले होते की पाळण्यातलं पोर रडलेलं ऐकू येणार नाही, पण नळ बोललेला ऐकू येणार. आणि घुर्र पक्का असला की घरातलं साठवलेलं शिळं पाणी त्या वापरून मोकळ्या व्हायच्या. पोरं न्हाऊ घालायची, गोधड्या भिजवायच्या, घागरी घासून उपड्या घालायच्या. शिळ्यावर ताजं भरायचं नाही, हा नियम.

दोन-चार दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, गल्लीत सगळ्यांचे नळ घुरघुरून राहिले. रोज संध्याकाळी. पण पाणी न्हाई येत. तुम्हाला आलं का ऐकू?"

"मला कसं येईल? मी तर हौदात असतो."

"हाव, ते बी खरंच."

बघा! दोन शहाणी माणसं एका घरात, आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

गल्लीत नुसती चर्चा. रोज दिवेलागणीला दारोदार बायका तोटीखाली घागर लावून बसायच्या, नळ घुरघुरायचा, थांबायचा, परत घुरघुरायचा. समोरची कस्तुराबाई मला अडवून म्हणाली, "भाऊ, तुमी जिल्ह्याच्या हापिसात हाव. काय भानगड हाय इचारा की जरा. येयलंय का पाणी?"

आता मी कुठल्या हापिसात? माझा आणि पाण्याचा संबंध एवढाच की हापिसातला माठ माझ्या टेबलाशेजारी होता. पण काय सांगू, नवा जिल्हा, नवं हापिस, इस्त्रीची पँट! आजूबाजूला पाच-सहा बायका आशेनं बघायलेल्या. "माहीत नाही" म्हणायला जीभ वळेना. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "टेस्टिंग चालू आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे नव्या लाइनीत आधी हवा सोडून बघतात. मग पाणी. आमच्या हापिसात कालच बोलणं झालं. सोमवारी संध्याकाळी सुटेल."

सोमवार कुठून आला? मलाच ठाऊक नाही! तोंडातून निघाला. आणि गल्लीत तो असा पसरला की रविवारी मला शिवलिंगनं स्वतः सांगितलं, "भाऊ, उद्या पाणी येयलंय, जिल्ह्याच्या हापिसातून खबर हाय." मी म्हणालो, "असं? वा!" आणि मलाही ते खरं वाटलं. आपणच उठवलेली आवई दोन दिवस गल्लीत फिरून आली की किती खरी वाटते म्हणून सांगू!

सोमवार उजाडला. दुपारपासून गल्लीत सणासारखी गडबड. पोरांना न्हाऊ घातलं, गोधड्या निघाल्या, पिंपं घासली. पाण्याचा आवाज, पोरांचं ओरडणं, बायकांचं हसणं. किती दिवसांनी ती गल्ली हसत होती.

मी हापिसातून आलो तर दारातच महानंदावहिनी आणि शिवलिंगची हमरीतुमरी चाललेली. वहिनीनं पिंपातलं सगळं पाणी चुलीवर चढवलं होतं.

"अगं, सगळंच? उद्याला प्यायला?"

"येयलंय की नळाला! समदी गल्ली धुवायलीय, अन् माझ्याच सासऱ्याला कोरडं ठेवू का?"

शिवलिंग माझ्याकडं वळला. "भाऊ, तुमी सांगा. पक्कं हाय का? घरात दुसरा थेंब न्हाई."

आतून अप्पा मान उचलून माझ्याकडं बघायलेले. डोळे खोल गेलेले, ओठ वाळलेले. मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "घाला बिनधास्त. माझी जबाबदारी."

अप्पांना दोघांनी धरून पाटावर बसवलं. पहिला तांब्या डोक्यावर पडला आणि त्या म्हाताऱ्यानं असा काही सुस्कारा सोडला की माझ्या अंगावर काटा आला. "अजून," म्हणाले. "अजून घाल. कंजूषी करू नको गं माय." पाणी संपेस्तोवर त्यांना न्हाऊ घातलं. नंतर पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे. नवरदेव दिसायले हो अप्पा.

मला वाटलं, आज सगळे खुशीत, आपणही जरा मोकळेपणी वाजवावं. उतरलो हौदात.

इकडं मी तार छेडली आणि तिकडं गल्लीत जल्लोष! "आलं! आलं!" घागरी तोटीखाली गेल्या. मला काय ठाऊक? मी आपला तोच तो तुकडा घोळून राहिलो होतो. घुर्र, घुर्र, घुर्र. थांबलो की गल्ली गप्प, वाजवलं की गल्ली उभी. पाण्याचा टिपूस नाही. हळूहळू लोकांची तोंडं उतरायला लागली. घरात थेंब नाही, घासलेली पिंपं उपडी, आणि नळ नुसता घुरघुरून राहिलेला!

शेवटी कस्तुराबाईचं डोकं फिरलं. ती उकिडवी बसली, तोटी दोन्ही हातांनी धरली आणि तोंड लावून तिच्यात ओरडली, "मुडद्याऽऽ! किती वाट बघू? येतूस का न्हाई भाईर?"

आता तुम्ही माझ्या जागी या. अंधारा हौद. मिणमिणता बल्ब. वर एक माणूस मरायला टेकलेला. आणि कोपऱ्यातल्या पाइपातून, जमिनीच्या पोटातून, बाईचा आवाज येतो, "मुडद्या, येतूस का न्हाई भाईर?"

मी किंचाळलो! "अगं आई गंऽऽ! मेलोऽऽ!" गिटार एकीकडं, डबा एकीकडं, शिडीची वरची पायरी कपाळावर!

आणि गल्लीतल्या सगळ्या नळांतून एकदम आवाज आला, "अगं आई गं, मेलो!"

घागरी टाकून बायका पळाल्या. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी रडायलाच लागलं. फक्त एक बाई जागची हलली नाही. माझी बायको. तिनं कस्तुराबाईच्या तोटीकडं निरखून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "थांबा. हा तर आमच्या ह्यांचा आवाज."

मी झाकण ढकलून वर आलो तेव्हा अंगणभर माणसं उभी होती. कपाळाला टेंगूळ, हातात लाल गिटार. शिवलिंगनं हौदात डोकावून पाइपाकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"टेस्टिंग," तो म्हणाला.

पुढं गल्लीनं जे म्हटलं ते चहासोबत सांगण्यासारखं नाही. आणि चुकलं काय त्यांचं? लेकरांना प्यायला पाणी नव्हतं हो. एकेका घोटासाठी ती पोरं कुरकुरायलेली आणि वाळत घातलेल्या गोधड्यांतून पाणी ठिबकून राहिलेलं. महानंदावहिनी उंबऱ्यात बसून रडत होती. अप्पांना गोळी द्यायला घोटभर पाणी शेजारच्या गल्लीतून मागून आणावं लागलं. मला वाटलं, त्या हौदाचं झाकण परत लावून घ्यावं, आतून.

मी सायकल काढली. गावाबाहेर एका मळ्यातल्या विहिरीला थोडं पाणी होतं, तिथं हातापाया पडून दोन घागरी आणल्या. परत गेलो, परत आणल्या. त्या आठवड्यात मी हापिसात कमी आणि त्या विहिरीवर जास्त होतो. पाणी सगळे घ्यायचे, बोलायचं कुणी नाही.

बोलले फक्त अप्पा. मंगळवारी त्यांनी मला आत बोलावलं. "बस, नांदेडवाले."

मी मान खाली घालून म्हणालो, "अप्पा, मला माफ करा. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच मी हौदात..."

"हौद कुठवर हाय ठाव हाय का तुला?" त्यांनी वाळलेल्या बोटानं खाटेखाली दाखवलं. "हितवर. माझ्या पाठीखाली. मीच बांधलाव की. रोज समदं ऐकायलाव मी."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. "रोज?"

"रोज. ऐकायला लई वंगाळ. पण खाट हालती जरा, पाठीला बरं वाटतंय."

"मग अप्पा, तुम्हाला माहीत होतं? नळ नाही, मी आहे म्हणून?"

"हाव."

"मग सांगितलं का नाही?"

म्हातारा हसला. किती दिवसांनी हसला असेल. "सांगितलं असतं तर आंघोळ घातली असती का मला कुणी?"

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. अप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटले. शिवलिंगला त्यांनी हे सांगितलं का नाही, मला ठाऊक नाही. मी तरी कुणाला बोललो नाही.

त्याच आठवड्यात अप्पा गेले. पहाटे, झोपेतच. शेवटच्या आंघोळीला घरात पाणी नव्हतं. मी आदल्या दिवशी आणलेली घागर पुढं केली, आणि मग बघतो तर जी गल्ली माझं तोंड बघत नव्हती ती एकेक तांब्या घेऊन दारात उभी. कस्तुराबाई सगळ्यात पुढं. त्या दुष्काळात अप्पांना दुसऱ्यांदा डोक्यावरून पाणी मिळालं. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडलो.

जंगमस्वामी, म्हणजे लिंगायतांचे गुरू, आले. अप्पांना बसवून सजवलं, भजनी मंडळ जमलं, टाळ वाजायला लागले. आमच्या बाजूला लिंगायतांत असं बसवून, वाजतगाजत नेतात आणि माती देतात. मला राहवेना. ज्या माणसानं मला रोज पाठीखालून ऐकलं, त्याच्यासाठी मी काहीच करू नये? मी खोलीत गेलो, गिटार पुसली आणि शिवलिंगजवळ येऊन हळूच म्हणालो, "शिवलिंगभाऊ, अप्पांना माझं वाजवणं बरं वाटायचं. निघायच्या आधी दारात बसून एक तुकडा वाजवू का? हळूच?"

शिवलिंगचे डोळे रडून सुजले होते. त्यानं गिटारीकडं बघितलं, दारात जमलेल्या गल्लीकडं बघितलं, आणि माझ्यापुढं दोन्ही हात जोडले.

"नका वाजवू भाऊ. बापाला माती द्यायला आलेली माणसं हायत. घागरी आणायला घरी पळतील."